शून्याच्या अलीकडे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पंचवटीतील एका मित्राच्या माडीवर आम्ही पाचजण एक नवा खेळ खेळलो. त्यात सोंगट्या नसतात. कागद, पेन्सिली आणि फासे एवढेच साहित्य. एकाने भयकथा सांगत जायची, बाकीच्यांनी तिच्यातील पात्रे व्हायचे. खेळाचे नाव ‘कॉल ऑफ कथुलू’. सँडी पीटरसन यांनी तो रचला व १९८१ साली तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

या खेळात प्रत्येक पात्राला मनाच्या तोलाचे काही गुण मिळतात. भीषण काही दिसले की फासे टाकून १ ते १०० मधला आकडा काढायचा. तो उरलेल्या गुणांहून जास्त आला, तर गुण अधिक जातात. एकदम ५ किंवा जास्त गुण गेले की बुद्धीची परीक्षा होते. आणि नवल असे, की तीत उत्तीर्ण होणाऱ्यालाच वेडाचा झटका येतो. कारण जे पाहिले ते त्याला कळलेले असते. गुण शून्यावर आले की पात्र खेळाडूच्या हातून कायमचे जाते.

कोणाला झटका आला की आम्ही टाळ्या पिटत असू. एके दिवशी घरी माझा कागद पाहून मामांनी विचारले, की शून्यावर आल्यावर काय होते? मामा दोन वर्षांपासून मानसिक आजारावर औषधे घेत आहेत. मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या कथांवरून हा खेळ निघाला, त्या लव्हक्राफ्टचे चरित्र मी त्यानंतर वाचावयास घेतले.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे झाला. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता, तोच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले; १८९८ साली ते तेथेच वारले. त्याला वाचनाची गोडी लावणारे आजोबा १९०४ साली गेले आणि राहते घरही सुटले. १९०८ साली त्याचे मन खचले, शाळा अर्धवट राहिली; पुढे काही वर्षे तो घराबाहेर फारसा पडलाच नाही. १९१९ साली आईलाही त्याच रुग्णालयात न्यावे लागले. १९२१ साली तीही तेथेच निवर्तली.

तरीही तो स्वतः शून्यावर गेला नाही. १९१४ साली तो हौशी लेखकांच्या एका संघटनेत आला. आपल्या या वार्षिकासारखीच त्यांची छोटी नियतकालिके असत. तेथे त्याला मित्र मिळाले आणि पत्रव्यवहार जडला, तो जन्मभर टिकला. १९२४ साली त्याने सोनिया ग्रीनशी विवाह केला. न्यूयॉर्कचा संसार मात्र फसला. १९२६ साली तो गावी परतला आणि खेळाला नाव देणारी कथा त्याने त्याच वर्षी लिहिली. परवंशीयांविषयीचा त्याचा द्वेष त्याच्या लेखनात उतरला आहे. तो दोष झाकण्यात अर्थ नाही. १५ मार्च १९३७ रोजी तो कर्करोगाने, दारिद्र्यातच, वारला. कीर्ती आली ती मागाहून.

खेळाचा आणखी एक नियम आम्ही घाईत वाचलाच नव्हता. उपचारांनी आणि संकट निभावून नेल्याने गेलेले गुण परतही मिळतात. तो मी मामांना वाचून दाखविला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचावयास सांगितला.

आम्ही अजूनही खेळतो. टाळ्या मात्र बंद केल्या आहेत.