एका लोहाराचे आडनाव

विजेच्या पंख्याच्या कंडेन्सरवर एक आकडा आणि त्यापुढे मायक्रोफॅरड हा शब्द छापलेला असतो. फॅरड हे विद्युतधारितेचे एकक आहे. हा शब्द इंग्लंडमधील एका कष्टकरी कुटुंबाच्या आडनावावरून आला. ते आडनाव म्हणजे फॅरडे.

थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचे १८६७ साली निधन झाले. त्यांचे स्नेही हेन्री बेन्स जोन्स यांनी १८७० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी फॅरडे घराण्याचा शोध घेण्यात आला. सरदार-जमीनदारांच्या वंशावळी जपून ठेवलेल्या असतात. कष्टकऱ्यांच्या कुळाचा माग मात्र चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतच लागतो. यॉर्कशायर परगण्यातील क्लॅपहॅम गावच्या नोंदवहीत १७०८ ते १७३० या काळात रिचर्ड फॅरडे याच्या दहा मुलांचे जन्म नोंदलेले आढळले. आडनावाचे पहिले अक्षर जुन्या रीतीप्रमाणे दोनदा लिहिलेले होते. रिचर्डचा व्यवसाय होता गवंडीकाम आणि छपरे शाकारणे. त्याच्या मागची पिढी सापडली नाही. मायकेलचे आजोबा रॉबर्ट हे रिचर्डचे पुत्र की पुतणे, हेही निश्चित झाले नाही. रॉबर्टच्या मुलांपैकी एक शेतकरी, एक जोडे शिवणारा, तर जेम्स हा लोहार झाला.

हा जेम्स मायकेलचा पिता. पोट भरण्यासाठी तो पत्नी मार्गारेट व मुलांसह लंडनजवळ आला. तेथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी मायकेलचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब लंडनमध्ये एका गाडीखान्यावरील खोल्यांत राहू लागले. जेम्सची प्रकृती खालावत गेली. १८०१ साली धान्य फार महागले, तेव्हा कुटुंबाला सार्वजनिक मदत घ्यावी लागली. नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्यासाठी एकच पाव येई.

शाळेत तो जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते व थोडे अंकगणित शिकला. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचवू लागला. पुढे तेथेच सात वर्षे त्याने पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचून काढी. विज्ञानाच्या व्याख्यानांना एक शिलिंग शुल्क असे. लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट ते पैसे देई. १८१० साली वडील वारले. १८१२ साली मायकेलने हम्फ्री डेव्ही या विख्यात रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून त्यांच्याकडे पाठविली. १८१३ साली डेव्हींच्या शिफारशीवरून त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत प्रयोगशाळा साहाय्यकाचे काम मिळाले.

याच संस्थेत फॅरडे यांनी पुढील आयुष्य वेचले. १८३१ साली त्यांनी चुंबकाच्या हालचालीने तारेत वीजप्रवाह निर्माण होतो हे दाखवून दिले. विद्युतजनित्राचा पाया या शोधाने घातला गेला. मान आपोआप चालून आला. तथापि धनसंचय अयोग्य मानणाऱ्या सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे संस्कार त्यांच्यावर घरातूनच झाले होते. सर ही पदवी त्यांनी नाकारली आणि रॉयल सोसायटी या विद्वत्संस्थेचे अध्यक्षपदही स्वीकारले नाही. लोहार पित्याकडून आलेल्या नावाला कोणतीही उपाधी जोडू न देता ते अखेरपर्यंत केवळ मायकेल फॅरडे राहिले.

फॅरडे दांपत्याला मूलबाळ नव्हते. मात्र १८८१ साली पॅरिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने फॅरड या एककाला मान्यता दिली. ज्या घराण्याची वंशावळ एका गवंड्यापाशी येऊन थांबली, त्याचे नाव असे जगभर पोचले. ते पोचवले एका लोहाराच्या मुलाच्या कामाने.