चेक इंजिन लाइटच्या मागचा माणूस: अननसाचा वास शोधता शोधता धुराचं कोडं सोडवणारा केमिस्ट

गाडी स्टार्ट केली, डॅशबोर्डवरचे बाकी सगळे दिवे विझले, पण इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा तसाच राहिला. गाडी मस्त पळतेय, पिकअप ठीक आहे, आवाजही नाही. मग हा दिवा नेमकं काय सांगतोय?

बहुतेकांना वाटतं, इंजिनात काहीतरी बिघडलंय. तसं असूही शकतं. पण हा दिवा गाडीत आला तो वेगळ्याच कारणासाठी. तुमच्या गाडीतून बाहेर पडणारी हवा प्रमाणापेक्षा जास्त घाण झाली असण्याची शक्यता आहे, हे तो सांगतो. म्हणजे हा दिवा गाडीच्या तब्येतीपेक्षा मागून चालणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांसाठी जास्त आहे.

गाडीच्या धुराचा आणि आजारी हवेचा संबंध सिद्ध कोणी केला, हे शोधायला मी बसलो, तेव्हा मला एखादा ऑटोमोबाइल इंजिनिअर सापडेल असं वाटलं होतं. सापडला तो अननसाच्या वासावर काम करणारा एक केमिस्ट. त्याचं नाव आरी यान हागेन-स्मिट. जुन्या गाडीतला बिघाड कसा शोधावा, हेही या माणसाकडून शिकता येतं. ते शेवटी बघू.

नेदरलँड्स ते कॅलिफोर्निया

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात झाला. शिक्षण तिथल्याच विद्यापीठात, विषय रसायनशास्त्र. वनस्पतींच्या आत तयार होणारी रसायनं हा त्यांचा खास प्रांत. झाडांची वाढ घडवणाऱ्या हार्मोन्सवर त्यांनी तिथे काम केलं. १९३६ साली ते अमेरिकेत हार्वर्डला आले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या कॅलटेक या संस्थेत रुजू झाले. लॉस एंजेलिस तिथून अगदी जवळ. उरलेलं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं.

१९४० च्या दशकात त्यांच्यासमोर एक प्रश्न होता: अननसाला अननसाचा वास येतो तो कशामुळे? त्यासाठी त्यांनी सुमारे ६,००० पौंड, म्हणजे जवळपास पावणेतीन टन अननस वापरले! फळातून निघणारी वाफ अतिशय थंड केलेल्या नळ्यांतून न्यायची, तिथे तिचा द्रव होतो, आणि मग त्यातली रसायनं एकेक करून वेगळी करायची. हवेत तरंगणारी अगदी थोडी रसायनं पकडण्याचं हे तंत्र त्यांच्या हातात पक्कं बसलं होतं.

डोळे झोंबवणारं शहर

त्याच काळात लॉस एंजेलिसवर एक विचित्र संकट आलं होतं. १९४३ च्या जुलै महिन्यात शहरावर तपकिरी धुरकं इतकं दाट पसरलं, की दुसऱ्या महायुद्धाचे दिवस असल्यामुळे काही लोकांना तो जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. लोकांचे डोळे झोंबत, घसा खवखवे. आजूबाजूच्या शेतांत पालेभाज्यांची पानं करपत. आणि हे नंतर वारंवार होऊ लागलं.

आधी संशय आला कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद केला तरी धुरकं जाईना. मग तज्ज्ञ म्हणू लागले, लंडनसारखंच असणार: कोळसा आणि गंधक. पण लॉस एंजेलिसमध्ये कोळसा फारसा जळतच नव्हता. शिवाय लंडनचं धुरकं थंडीत, धुक्यात वाढायचं. इथलं मात्र लख्ख उन्हात वाढत होतं.

१९४७ मध्ये तिथे हवा प्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र जिल्हा यंत्रणा उभी राहिली आणि तिने हागेन-स्मिट यांची मदत मागितली. त्यांनी काय केलं? अननसासाठी वापरलेलं तंत्रच पासाडेनाच्या हवेला लावलं. प्रचंड प्रमाणात हवा थंड नळ्यांतून ओढली आणि शेवटी हाती आले काही थेंब. तपकिरी, उग्र वासाचे.

त्यात सापडले पेट्रोलमध्ये असतात तसल्या हायड्रोकार्बन्सचे अर्धवट ऑक्सिडाइज झालेले तुकडे. म्हणजे गंधकावरचा संशय चुकीच्या दिशेला होता.

ऊन, पेट्रोल आणि ओझोन

पुढच्या प्रयोगांतून त्यांनी पूर्ण साखळी जोडली. इंजिनात खूप उष्णता असते, त्यामुळे हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. न जळलेलं पेट्रोल वाफेच्या रूपात बाहेर पडतं. या दोघांवर ऊन पडलं की रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यातून तयार होतो ओझोन. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपलं रक्षण करतो, पण तोच जमिनीलगत श्वासात गेला की फुफ्फुसं सोलवटतो. लॉस एंजेलिसला डोंगरांचा वेढा आहे आणि वर गरम हवेचं झाकण बसतं, त्यामुळे ही घाण तिथेच अडकून राही.

गंमत म्हणजे गाडीच्या नळीतून ओझोन निघतच नाही! तो वाटेत, उन्हात तयार होतो. म्हणूनच इतकी वर्षं खरा गुन्हेगार कोणाला दिसला नव्हता.

पुरावे त्यांनी साधे पण पक्के गोळा केले. बंद पेटीत पालक, बीट अशी रोपं ठेवून त्यांच्यावर पेट्रोलची वाफ आणि ओझोन यांचं मिश्रण सोडलं. शेतातल्या पानांवर दिसायचे तसेच डाग पडले. ओझोनमुळे ताणलेल्या रबराला तडे जातात, हे माहीत होतं. त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या ठेवल्या आणि तडा जायला किती वेळ लागतो यावरून ओझोन मोजला. महागडं यंत्र नाही, फक्त रबर आणि घड्याळ.

समोर तेल उद्योग

निष्कर्ष स्पष्ट होता: दोषी आहेत तेल शुद्धीकरण कारखाने आणि लोकांच्या लाडक्या गाड्या. साहजिकच तो कोणालाच आवडला नाही. तेल उद्योगाच्या संघटनेने पैसे दिलेल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने त्यांच्या निष्कर्षावर जाहीर शंका घेतली.

हागेन-स्मिट यांना खरं तर परत आपल्या वनस्पतींच्या रसायनांकडे जायचं होतं. या टीकेने ते चिडले आणि धुरक्याच्या मागे पूर्ण वेळ लागले. वाद भाषणांनी मिटवण्यापेक्षा त्यांनी प्रयोग वाढवले. १९५२ साली त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध आला. त्यानंतर इतरांनी तपासून पाहिलं, तेव्हा मूळ साखळी बरोबर निघाली. विरोधकांनाही हळूहळू ते मान्य करावं लागलं.

१९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा मंडळाचे, म्हणजे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९७३ पर्यंत ते या पदावर होते. त्यांच्याच काळात, १९७१ साली, गाड्यांमधून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर अमेरिकेत पहिल्यांदा मर्यादा घातली गेली. १९७३ चं नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना मिळालं.

१७ मार्च १९७७ रोजी पासाडेनात त्यांचं निधन झालं. कारण होतं फुफ्फुसाचा कर्करोग. त्याच्या दोनच महिने आधी मंडळाच्या एल मॉन्टे इथल्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं.

मग दिवा कुठून आला?

१९७५ च्या मॉडेल्सपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पुढे आलेला थ्री-वे कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिघांनाही आवरतो. पण तो नीट चालायला १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे वजनाचं प्रमाण सांभाळावं लागतं. ते सांभाळतो ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिनचा कॉम्प्युटर.

आता अडचण अशी, की कन्व्हर्टर मेला तरी ड्रायव्हरला काहीच कळत नाही. गाडी तशीच पळते. म्हणून हागेन-स्मिट यांच्याच मंडळाने नियम केला, की गाडीने स्वतःला तपासावं आणि गडबड दिसली की दिवा लावावा. कॅलिफोर्नियात हे १९८८ च्या मॉडेल्सपासून सुरू झालं. १९९६ च्या मॉडेल्सपासून पूर्ण अमेरिकेत ओबीडी-२ आलं: तेच १६ पिनांचं सॉकेट, जे तुमच्याही गाडीत स्टीअरिंगखाली सापडेल.

पेट्रोल टाकीचं झाकण सैल राहिलं तरी काही गाड्यांत हा दिवा का लागतो, हेही आता कळेल. नुसती उडून जाणारी वाफसुद्धा उन्हात ओझोन बनवायला मदत करते.

त्यांच्या पद्धतीने बिघाड शोधायचा तर

आमच्या घरच्या बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीत हा दिवा लागला, तेव्हा ब्लूटूथ डोंगल लावून मी कोड वाचला: पी०४२०. अर्थ, कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली. एका गॅरेजने लगेच नवा कन्व्हर्टर सुचवला. पण कोड म्हणजे फक्त लक्षण असतं, जसं सॉफ्टवेअरमध्ये एरर लॉग. कारण वेगळं असू शकतं. म्हणून आधी मोजायचं:

- पहिलं: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. अशा वेळी गाडी दामटू नका.
- दुसरं: कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान, इंजिनवरचा लोड किती होता, ते त्यात असतं. कोड पुसला की हा पुरावाही जातो.
- तिसरं: इंजिन गरम झाल्यावर अॅपमध्ये दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे ग्राफ बघा. नेहमीच्या सेन्सरमध्ये पुढचा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा जवळपास स्थिर हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्या.
- चौथं: तरीही थांबा. सायलेन्सरच्या पाइपला गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर फसतो.

आमच्या गाडीत तेच होतं. पाइपच्या जोडाचं पॅकिंग गेलेलं होतं. ते बदललं आणि कोड परत आला नाही.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं?

मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १९९५ मध्ये आला. आज रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल कारमध्ये तो आहे. पण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणजे हागेन-स्मिट यांच्या साखळीतला एक मोठा दुवा पीयूसीच्या कागदावर येतच नाही. त्यावर रोज लक्ष ठेवणारं तुमच्याकडे काय आहे? तो पिवळा दिवा.

म्हणून पीयूसीच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकणं, किंवा कन्व्हर्टर काढून नुसता पाइप बसवणं, हा जुगाड स्वस्त वाटला तरी त्याची किंमत सिग्नलवर तुमच्या मागे थांबलेला बाइकवाला मोजतो. दिवा लागला तर तो विझवायची घाई करू नका. आधी कोड वाचा, ग्राफ बघा, जोड तपासा, आणि मगच पार्टवर पैसे घाला.