वर्णपटाच्या वाटेवरील कमलाबाई

बिशान (सिंगापूर) : चहाच्या पानात पोटॅशियम, मँगनीज, ॲल्युमिनियम अशी अनेक खनिजे असतात. ती मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पानांचे चूर्ण आम्लात विरघळवून तो द्राव हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात फवारतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते आणि त्याच्या तीव्रतेवरून प्रमाण ठरते. वनस्पतीच्या अंतरंगाची अशी प्रकाशाच्या साहाय्याने पारख करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरचा. माहेर भागवतांचे, वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तर विदुषी दुर्गाबाई भागवत या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने, त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत; त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळासह जाचक अटींवर प्रवेश मिळाला. तो अपमान त्या विसरल्या नाहीत, पण त्याचे उत्तर कामातून दिले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि पुढे संस्थेची दारे स्त्रियांना उघडली.

केंब्रिजला गेल्यावर वनस्पतींच्या श्वसनाचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. सायटोक्रोम ही लोहयुक्त रंगद्रव्ये डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये वर्णपटदर्शकातून ओळखली होती. वर्णपटात विशिष्ट ठिकाणी काळसर पट्टे उमटतात, त्यावरून ती ओळखू येतात. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी सायटोक्रोम-सी वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे दाखवले. प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या श्वसनातही या रंगद्रव्याला स्थान आहे, असा त्याचा अर्थ. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक. प्रकाशाच्या जाणकाराने जिला दाराबाहेर ठेवू पाहिले, तिची कीर्ती वर्णपटातूनच उजळली, हा नियतीचा न्याय म्हणावा लागेल.

परदेशातील संधी सोडून त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, निलगिरीच्या चहामळ्यांच्या प्रदेशातील कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि अखेर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरेचा अभ्यास केला. तिच्यातील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांना उपकारक ठरतात, असे त्यांना आढळले. या कार्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार लाभला. संस्थेचे संचालकपद मात्र बऱ्याच विलंबाने मिळाले.

निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्यांनी अन्नभेसळीच्या चाचण्या सामान्य गृहिणींपर्यंत नेल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्याच सत्काराच्या प्रसंगी त्या कोसळल्या आणि लवकरच निधन पावल्या. विज्ञान स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच आवश्यक आहे. जेवणासोबतचा चहा अन्नातील लोहाचे शोषण घटवतो, एवढे साधे ज्ञानही अजून कितीतरी घरांत पोहोचायचे आहे.