थॅडियस स्टीव्हन्स आणि लँकेस्टरची कबर

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांच्या कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. आपली कबर कुठे असावी याचा विचार मात्र जिवंतपणी सहसा कुणी करीत नाही. अमेरिकेतील थॅडियस स्टीव्हन्स या पुढाऱ्याने तो केला होता. त्याच्या लँकेस्टर गावातल्या इतर दफनभूमींच्या नियमांत गोरे-काळे असा भेद होता. म्हणून त्याने सर्वांना खुल्या असलेल्या एका लहानशा दफनभूमीत जागा घेतली, आणि निर्मात्यासमोर सगळी माणसे सारखी हे मरणातही दिसावे यासाठी आपण ही जागा निवडली, असे आपल्या दगडावर कोरून घेतले. त्या दगडामागचे आयुष्य आज आपण पाहू.

स्टीव्हन्सचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यात झाला. जन्मतःच त्याचा एक पाय वाकडा होता. बाप चांभारकाम करी, पण तो घर सोडून निघून गेला. आईने काबाडकष्ट करून मुलांना वाढवले आणि थॅडियसला कॉलेजपर्यंत शिकवले. पुढे तो पेनसिल्व्हेनियात वकील झाला. १८३५ साली त्या राज्याच्या विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ घातला होता, तो स्टीव्हन्सच्या भाषणामुळे वाचला.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. १८२१ साली याच वकिलाने एका गुलाम मालकाची बाजू घेतली होती. त्या राज्यात सलग सहा महिने ठेवलेल्या गुलामाला स्वातंत्र्य मिळत असे. चॅरिटी बटलर नावाच्या स्त्रीचे दिवस भरले होते, पण सलग नव्हते. स्टीव्हन्सने या एका शब्दावर खटला जिंकला आणि ती बाई मुलांसह पुन्हा गुलामीत गेली. ही बोच त्याला आयुष्यभर लागली असेल का? आम्हाला वाटते, लागली असावी. पुढे तो पळून आलेल्या गुलामांचे खटले लढू लागला. त्याच्या लँकेस्टरच्या घराजवळ २००२ साली खोदकाम झाले, तेव्हा पाण्याची एक जुनी टाकी सापडली. तिच्यात अशा माणसांना लपवीत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे.

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्ये हरली आणि सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. पण मुक्त म्हणजे काय, यावरच खरे भांडण सुरू झाले. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने दक्षिणेच्या जमीनदारांना सढळ हाताने माफी दिली. समुद्रकिनारी मुक्त कुटुंबांना कसायला दिलेल्या जमिनी त्याने परत घेऊन जुन्या मालकांच्या हवाली केल्या. दक्षिणेच्या विधिमंडळांनी लगेच नवे कायदे केले. मिसिसिपीत काळ्या माणसाला दर वर्षी कामाचा लेखी करार दाखवावा लागे. तो नसला तर भटक्या ठरवून दंड, आणि दंड भरता आला नाही तर सक्तीची चाकरी. गुलामी मागच्या दाराने परत येत होती.

स्टीव्हन्स तेव्हा सत्तरी ओलांडलेला, आजारी, पण काँग्रेसमध्ये त्याचा दरारा होता. १८६६ साली अध्यक्षाचा नकार डावलून नागरी हक्कांचा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी चौदावी घटनादुरुस्ती आली. या भूमीत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक, आणि कायद्याचे संरक्षण सर्वांना सारखे, असे तिने ठरवले. काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क मात्र तिने थेट दिला नाही. स्टीव्हन्सला हे अपुरे वाटत होते. तरीही आपला व्यवहार देवदूतांशी नसून माणसांशी आहे, हे ओळखून त्याने तिला मत दिले. मोठ्या जमीनदारांची जमीन जप्त करून प्रत्येक मुक्त कुटुंबाला ४० एकर द्यावी, ही त्याची सूचना तर त्याच्या पक्षातल्यांनाही मानवली नाही. आपल्याकडे ज्यांनी कुळकायद्याच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत, त्यांना त्या ४० एकरांचे मोल सांगायला नको.

१८६८ साली अध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग चालला. चालता येत नसल्याने स्टीव्हन्सला खुर्चीत बसवून सभागृहात उचलून आणीत. जॉन्सन एका मताने सुटला. त्यानंतर तीन महिन्यांतच, ११ ऑगस्टच्या मध्यरात्री, स्टीव्हन्स वारला. तो कोणत्याही चर्चचा नेमाने जाणारा सभासद नव्हता. शेवटच्या रात्री दोन काळ्या पाळकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. वॉशिंग्टनच्या ज्या प्रॉव्हिडन्स हॉस्पिटलला त्याने सरकारी मदत मिळवून दिली होती, तिथल्या कॅथलिक धर्मभगिनीही हजर होत्या. त्यांतल्या सिस्टर लोरेटा यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. एवढ्यावरून त्याला आपल्या वहीत घालण्याची घाई आम्ही करणार नाही. लँकेस्टरच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी झाली आणि तिच्यात काळे लोक मोठ्या संख्येने होते.

पाच वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतिराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. तिकडे मात्र १८७७ नंतर दक्षिणेत बहुतेक हक्क पुन्हा हिरावले गेले. चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरायला १९५४ साल उजाडले.

स्टीव्हन्सने लग्न केले नाही. त्याचे घर वीस वर्षांहून अधिक काळ लिडिया हॅमिल्टन स्मिथ या विधवा बाईने सांभाळले. ती मिश्र वंशाची आणि कॅथलिक होती. दोघांविषयी लोक नाना तऱ्हेने बोलत. तो मात्र तिला चारचौघांत मानाने मिसेस स्मिथ म्हणे, आणि त्या काळी गोरे लोक काळ्या बाईला असे संबोधीत नसत. त्याच्या मृत्युपत्रातून मिळालेल्या पैशाने तिने त्याचे लँकेस्टरचे घर विकत घेतले. १८८४ साली ती वारली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिला लँकेस्टरमध्ये सेंट मेरीज या कॅथलिक चर्चच्या दफनभूमीत ठेवण्यात आले. स्टीव्हन्सची कबर नीट राखली जावी म्हणून तिने आपल्या मृत्युपत्रात पैसे ठेवले होते.