लक्ष्मीबाई टिळक : स्वतःच्या पायांनी चाललेली वाट

लक्ष्मीबाई टिळक म्हटले की आपल्याला 'स्मृतिचित्रे' आठवते, आणि त्यातल्या गमतीजमती आठवतात. पुस्तक वाचून संपवल्यावर मला मात्र एकच प्रश्न पडला. या बाईंनी धर्म बदलला तो नवऱ्यामागून, की स्वतः होऊन? पुष्कळजण सहज म्हणतात, नवरा ख्रिस्ती झाला, बायको काय करणार! मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी त्यांचे चरित्रच थोडक्यात सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेले धान्य धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाही, याला शिवू नको, त्याला शिवू नको. अवघे घर या धाकात असे. देव म्हणजे विटाळाचे भय, एवढीच ओळख त्या घरातल्या मुलांना झाली असल्यास नवल नाही. आमच्या आजीचेही सोवळे कडक आहे. त्यामुळे तो धाक मला पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही.

अकराव्या वर्षी लग्न झाले. पती नारायण वामन टिळक कवी, बुद्धिमान, पण तऱ्हेवाईक आणि तापट. आज या गावी तर उद्या त्या गावी. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडून. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबल दिले. बराच काळ मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे लक्ष्मीबाईंची खरी कसोटी सुरू होते. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यासारखा. त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या, परंतु ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्यामागून जायचे असते तर दुसऱ्याच दिवशी जाता आले असते! काही वर्षांनी त्या नगरला टिळकांजवळ आल्या, त्याही आपला धर्म सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच होते.

मग बदल झाला कसा? आधी जात गेली, धर्म मागून आला. ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच सोडवला. ती माणसाने केली असे एकदा पटल्यावर त्यांनी शिवाशिव टाकून दिली. वडिलांच्या घरातली भीती त्या दिवशी सुटली असे मला वाटते. त्यानंतर ख्रिस्ताविषयी वाचत, ऐकत, वाद घालत त्यांची श्रद्धा जडली, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर तब्बल पाच वर्षांनी!

ही श्रद्धा उसनी नव्हती, याची साक्ष त्यांचे पुढचे आयुष्य देते. घरात पैसा टिकत नसे, परक्या मुलांनी मात्र घर भरलेले असे. प्लेगच्या दिवसांत लोक आपल्या माणसांनाही टाळत, तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांना लहानपणी स्पर्शाची भीती शिकवली, तेच हात हे काम करीत होते. १९१९ मध्ये टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम या शाळा न पाहिलेल्या बाईंनी अंगावर घेतले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले.

मला सर्वांत विशेष वाटते ते हे की, मागे सोडलेल्या माणसांवर त्यांनी राग धरला नाही. वडिलांच्या सोवळ्याची हकिकत त्या हसतहसत सांगतात. टिळकांच्या विक्षिप्तपणालाही त्या झाकत नाहीत. मनातली भीती गेल्याशिवाय माणसाला असे हसता येत नसावे.

मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही. परंतु आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. काय मानावे आणि काय मानू नये, हे आजवर मला घरच्यांनी सांगितले. इथे कधी पुस्तके सांगतात, कधी मैत्रिणी सांगतात. ऐकावे सर्वांचे, पण पटल्याशिवाय पाऊल उचलू नये, आणि पटल्यावर मागे घेऊ नये. लक्ष्मीबाईंना त्यासाठी पाच वर्षे लागली. आपल्यालाही लागली तर लागोत.