लाल रंगाच्या पलीकडे ठेवलेला थर्मामीटर सगळ्यात जास्त तापला!

विल्यम हर्शेल, जन्म 1738, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये. हा इंग्लंडला आला, बाथ गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला आणि फावल्या वेळात दुर्बिणीचे आरसे घासू लागला. हात थांबवता यायचा नाही, म्हणून बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. 1781 मध्ये युरेनस सापडला, राजानं पगार सुरू केला.

1787 मध्ये त्यानं एक धूसर ठिपका नोंदवला. आजची एनजीसी 4151 ही सक्रिय दीर्घिका. अशा दीर्घिकेत मधल्या कृष्णविवराभोवतीचा वायू एवढा झगमगतो की शेजारी नवे तारे जन्मतायत का, ते कळत नाही. त्यात धूळही आड येते.

1800 मध्ये तो लोलकातून पडलेल्या रंगांचं तापमान मोजत होता. लालच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा सगळ्यात वर गेला. हेच इन्फ्रारेड. पुढे मात्र ही उष्णता आणि प्रकाश वेगळे, असं त्याचं मत झालं. तिथं गडी चुकला.

1822 मध्ये तो गेला. इन्फ्रारेड धुळीतून बरंचसं पार होतं. त्यात तांबड्या महाकाय ताऱ्यांच्या प्रकाशावर कार्बन मोनॉक्साइडची खूण दिसते, कृष्णविवराजवळच्या झगमगाटावर ती नसते. त्यावरून अशा दीर्घिकांमध्ये अलीकडे तारे जन्मले का, याचा माग काढतात. 2009 मध्ये अवकाशात गेलेल्या इन्फ्रारेड दुर्बिणीचं नाव होतं हर्शेल.