खराटा, घाट आणि पूर्णामाय

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला! गाडगेबाबा म्हणजे माझ्यासाठी आधी शाळेच्या पुस्तकातला एक धडा होता, आणि मग मार्कशीटवर छापलेलं विद्यापीठाचं नाव. २००५ साली अमरावती विद्यापीठाला बाबांचं नाव दिलं गेलं. खराटा, मडकं, चिंध्यांचे कपडे, यापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हतं. ओळख झाली ती चिखलामुळे.

आमचं घर अकोल्याला, मोर्णेच्या काठी. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसानं मोर्णेला पूर आला, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्याही घरात गुडघाभर पाणी. सकाळी पाणी ओसरलं, पण चिखल राहिला. आई आणि मी दोन दिवस खराट्यानं तो लोटत होतो. तेव्हा आजी म्हणाली की गाडगेबाबांची सुरुवातसुद्धा अशीच नदीच्या चिखलापासून झाली. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. सिव्हिलला आल्यावर बाबांचं चरित्र वाचलं आणि आजीचं बोलणं आठवलं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळ शेंडगावला, परीट घरात. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामा चंद्रभान यांच्याकडे डेबूजी गुरं राखू लागले, मग नांगर धरला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. पण माती वाचता येत होती! मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली तेव्हा डेबूजींनी घाबरून शेत सोडलं नाही. अंगठ्याच्या एका ठशानं जमीन कशी जाते हे त्यांनी घरातच पाहिलं. पुढे जन्मभर ते शिक्षणासाठी का झटले, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

हा सगळा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला. पूर्णा सातपुड्यातून येते, अमरावती, अकोला, बुलडाणा करत चांगदेवजवळ तापीला मिळते. हजारो वर्षं तिनं आणलेल्या गाळावरच आपली कपाशी उभी आहे. जमीन सपाट, माती काळी आणि चिकण, पाण्याचा निचरा हळू, खाली भूजल खारं. हाच आपला खारपाणपट्टा. पुराचं गोडं पाणी काठावर पसरलं की थोडं जमिनीत मुरतं, वरच्या थरातला खार धुतो. उथळ पाण्यात मासे अंडी घालतात. काठावरचं गवत आणि बाभळी माती धरून ठेवतात, त्या गवतावर गुरं जगतात. गुरं राखणाऱ्या पोराला हे कुणी शिकवावं लागलं नसेल.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडलं. बायको कुंताबाई, लेकरं, आई, सगळं मागे ठेवून. त्यानंतर नाव उरलं फक्त गाडगेबाबा, हातातल्या गाडग्यावरून. पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नदीतून वर देवळाकडे येताना म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरायच्या. बाबांनी आधी खराटा आणि फावडं घेतलं, वाट केली. मग लोकांना हाताशी धरून, वर्गणी जमवून १९०८ च्या सुमारास तिथे घाट बांधला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. ही सगळी गावंसुद्धा नदीकाठचीच. दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. स्वतःसाठी मात्र एक झोपडीही नाही.

आता घाट या गोष्टीकडे इंजिनीअरच्या नजरेनं बघा. घाट पाणी अडवत नाही. पूर आला की पायऱ्या बुडतात, ओसरला की वर येतात. माणसाची सोय होते आणि नदीची जागा नदीलाच राहते. बाबांच्या डोक्यात पूरनियंत्रण असा काही विषय होता असं मी म्हणत नाही. त्यांना माणसं घसरू द्यायची नव्हती, एवढंच. पण आपण काय केलं? काठाची गायरानं नांगरली, नाले बुजवून लेआउट पाडले, पात्रात मलबा टाकला. पहिल्या वर्षालाच शिकतो की प्रवाह म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग. क्षेत्रफळ कमी केलं तर पाणी उंच चढणार किंवा जोरात धावणार. त्यात नदीचा दोष काय?

हे लिहायला एक कारण घडलं. आमच्या कॉलनीत नदीच्या बाजूनं उंच भिंत बांधायचं ठरतंय. मी सिव्हिलची म्हणून पप्पांनी नकाशा मलाच काढायला सांगितला. मी काढायला बसले आणि हात थांबला. समोरच्या काठावर पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. आमच्याकडे भिंत झाली की आमचं पाणी त्यांच्या घरात जाणार. त्यांचा चिखल कोण लोटणार? मी दुसरा नकाशा काढला. त्यात आमच्याकडची रिकामी पट्टी मोकळी सोडली, बुजलेला नाला उघडा केला, काठाला गवत आणि झाडं, खाली उतरायला पायऱ्या. कॉलनीतल्या काकांना तो आवडला नाही, कारण त्यात पार्किंगची जागा जाते. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मीटिंगमध्ये दोन्ही नकाशे ठेव. अजून निर्णय व्हायचा आहे.

२० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी देह ठेवला. पेढी पुढे पूर्णेलाच मिळते. जन्मभर नदीकाठ झाडणारा माणूस शेवटी नदीवरच थांबला. त्या पुलावरून आपल्यातले कितीतरी जण दर शनिवारी बसनं गावी जातात, मोबाईलमध्ये डोकं घालून! २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी मोर्णेतली जलकुंभी काढली, तेव्हा सगळ्यांना बाबा आठवले. पण जलकुंभी पुन्हा येते, आणि बुजवलेला काठ आपोआप परत येत नाही.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकीच कुणीतरी लेआउट मंजूर करेल, कुणी भिंत बांधेल, कुणी पूल. सही करण्याआधी एकदा पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहा. बाबांच्या नावाची डिग्री घेणाऱ्यांनी एवढं तरी करायला हवं, नाही का?